कोच जाणार असेल तर जाऊ दे, पण पोरांना आधी सांगा : अ‍ॅथलेटिक डिरेक्टर मॅडमना खुलं पत्र

मा. अ‍ॅथलेटिक डिरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुख) मॅडम आणि बोर्ड ऑफ ट्रस्टीजमधल्या सगळ्यांना,

नमस्कार. आपल्या सॉकर टीमचे कोच प्रोफेशनल क्लबकडे जाणार अशा बातम्या आहेत, त्याबद्दल यातलं बरंचसं मी तुम्हाला इंग्रजीत मेल केलेलं आहे. त्यावर तुमच्या ऑफिसातून एक ओळ आली, की स्टाफच्या विषयावर आम्ही बोलत नाही, आणि त्याच्याखाली पुढच्या सीझनची तिकिटं बुक करायची लिंक होती. ती लिंक बघून डोकं फिरलं, म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितोय. मराठीत लिहितोय कारण अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांमधली पोरंपोरी आता कॉलेज सॉकर खेळायला लागलीत, आणि तिकडून पुण्याहून नाशिकहून सुद्धा लोक विचारतात की अहो सॉकरवर अ‍ॅडमिशन मिळते म्हणजे नक्की काय होतं, स्कॉलरशिप पूर्ण असते का, आम्ही पण पाठवू का. त्यांनाही कळू दे की ब्रोशरमध्ये काय छापत नाहीत. युनिव्हर्सिटीचं नाव मी लिहिणार नाही, कोचचंही नाही. पोरगा अजून तुमच्याच टीममध्ये आहे आणि त्याला माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको.

मी मूळचा कोल्हापूरचा. म्हणजे फुटबॉल मला अमेरिकेत येऊन कळलेला नाही, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की आमच्याकडे दुकानं लवकर बंद व्हायची. बरीच वर्षं झाली ओहायोत, कोलंबसला राहतोय. पोरगा तुमच्याकडे दुसऱ्या वर्षाला, मिडफिल्डला खेळतो. त्याला दुसऱ्या एका कॉलेजकडून जास्त पैशाची ऑफर होती, ती सोडून तो तुमच्याकडे आला ते फक्त या कोचसाठी. कोच आमच्या घरी आले होते, बायकोने केलेले पोहे खाल्ले, आणि एक कागद काढून पोराला समजावून सांगितलं की पहिलं वर्ष तू बहुतेक बसशील, दुसऱ्या वर्षी उजवीकडून खेळवेन, तिसऱ्या वर्षी मधली जागा तुझी, तोपर्यंत अंगात ताकद येईल. इतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. आणि आत्तापर्यंत ते शब्दाला जागलेत हेही सांगतो. पहिलं वर्ष बसवलं, या वर्षी उजवीकडून खेळवलं. पण मॅडम, तो कागद त्यांच्या बॅगेत आहे. तुमच्या फाईलमध्ये नाही.

आणि आता गेल्या डिसेंबरपासून बातम्या चालू आहेत की एका प्रोफेशनल क्लबने त्यांच्याशी बोलणं केलंय. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची देशातली संघटना) टूर्नामेंटमध्ये टीम इतकी पुढे गेली, तर असं होणारच, त्यात कोचचा दोष काही नाही. पण टीममधल्या पोरांना हे फोनवर कळलं, बसमधे, मॅचवरून परत येताना, कुणीतरी कुठेतरी टाकलेल्या पोस्टमधून. कोच पुढच्या सीटवर बसलेले, मागे सगळी पोरं एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतायत. त्यानंतर आजपर्यंत तुमच्याकडून एक शब्द नाही.

आता मूळ प्रश्न. ते जातील का? मॅचच्या आधी पार्किंगमध्ये आम्ही पालक जमतो तिथे हाच विषय असतो. आमच्या गोलकीपरची आई म्हणते कशाला जातील, त्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत, घर घेतलंय, आणि कॉलेजचा कोच म्हणजे तीस वर्षांची पक्की नोकरी. तिचं अगदीच चूक नाही. मेरीलँड युनिव्हर्सिटीचे कोच साशो सिरोव्स्की 1993 पासून तिथेच आहेत, 2005, 2008 आणि 2018 अशी तीन नॅशनल टायटलं जिंकली, तरी मेरीलँड सोडलं नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी गन यांनी 2015, 16, 17 अशी सलग तीन जिंकली, तेव्हा सगळे म्हणत होते हे आता जाणार, ते राहिले. प्रोफेशनलला जाऊन परत आलेले पण आहेत. वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीला 2007 चं टायटल मिळवून दिलेले कोच विदोविच 2014 च्या सीझननंतर पोर्टलंडच्या दुसऱ्या टीमचे, टिंबर्स 2 चे कोच झाले, आणि एका सीझनमध्येच पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीला आले. पिट म्हणजे तेव्हा सॉकरमध्ये कुणी विचारत नव्हतं, तिला त्यांनी कॉलेज कपपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये, नेलं. म्हणजे माणसाला कॉलेजचंच काम मनापासून आवडू शकतं.

पण मी कोलंबसचा माणूस, त्यामुळे मला दुसरी बाजू जास्त दिसते. आमच्या कोलंबस क्रू क्लबने 2008 ला एमएलएस (अमेरिकेतली मुख्य प्रोफेशनल लीग) कप जिंकला तो सिगी श्मिड यांच्या हाताखाली. ते आधी कोण होते? यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीचे कोच, 1980 पासून, तीन एनसीएए टायटलं, मग 1999 मध्ये एलए गॅलेक्सीला गेले. (आणि आमचा कप जिंकून झाल्यावर लगेच सिअ‍ॅटलला गेले, ते दुःख वेगळं.) 2020 ला दुसरा कप आला तो केलेब पोर्टर यांच्या हाताखाली, आणि ते तर आमच्या ओहायोतल्याच अ‍ॅक्रन युनिव्हर्सिटीचे. त्याही आधी ब्रूस अरीना, व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत पाच टायटलं, त्यातली चार सलग, 1991 ते 94, मग एमएलएस सुरू झाली त्याच वर्षी डी.सी. युनायटेडला गेले आणि पहिले दोन्ही कप, 1996 आणि 97, घेऊन आले. पुढे नॅशनल टीम, 2002 च्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. त्यामुळे कॉलेजवाल्याला प्रोफेशनलमधलं काय कळतं असं जे म्हणतात त्यांनी आमच्या स्टेडियममधले बॅनर मोजावेत.

मला विचाराल तर आपले कोच जातील. या वर्षी नाही गेले तर पुढच्या. आणि का जातील ते तुम्हालाही ठाऊक आहे. कॉलेजचा पुरुषांचा सीझन ऑगस्टच्या शेवटाला सुरू होऊन डिसेंबरात संपतो, आठवड्याला दोन दोन मॅच, पोरांचे स्नायू धरलेले, शुक्रवारी खेळून रविवार-सोमवारी परत उभं राहायचं. बाहेर काढलेला प्लेयर परत आत येऊ शकतो, तसला नियम प्रोफेशनलमध्ये नाही, त्यामुळे मॅचचं सगळं गणितच वेगळं. मग उन्हाळ्यापर्यंत काही फ्रेंडली, बाकी रिक्रूटिंगचे फोन. ज्याला रोज, वर्षभर, खऱ्या मॅचचा विचार करायचाय त्याला हे पुरत नाही. सिरोव्स्कींसारखे कोच कित्येक वर्षं सांगतायत की सीझन दोन्ही सेमिस्टरमध्ये पसरवा, 2025 मध्ये यू.एस. सॉकरच्या कमिटीनेही तेच सुचवलं. तुमच्यासारख्या डिरेक्टर लोकांनी यात कधी जोर लावलाय असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

शिवाय ही संधी दारात रोज उभी नसते. पूर्वी एमएलएसवाले कॉलेजमधून सरळ हेड कोच उचलायचे, कारण बरेच प्लेयर कॉलेजमधूनच यायचे. आता क्लबांच्या स्वतःच्या अ‍ॅकॅडमी आहेत, 2022 पासून त्यांची खालच्या पातळीची नेक्स्ट प्रो लीग आहे, बाहेरच्या देशातले कोच रांगेत आहेत. कॉलेजवाल्याला फोन आला तर तो कदाचित एकदाच येतो. तो उचलला म्हणून कुणी त्यांना गद्दार म्हणू नये. मी तर म्हणेन जरूर जा, आमच्या शुभेच्छा. पोर्टर यांना 2020 चा कप जिंकूनही 2022 ला क्रूने काढलं, नंतर न्यू इंग्लंडने 2025 मध्ये काढलं, म्हणजे तिकडे काय वाट बघतंय तेही सगळ्यांना माहीत आहे. ती रिस्क घ्यायची का नाही हे ते आणि त्यांची बायको ठरवतील.

तक्रार तुमच्याबद्दल आहे. मुद्द्यांनी सांगतो.

पहिली तक्रार, ही चुप्पी. कोचच्या नोकरीची गोष्ट खाजगी असते हे मला मान्य आहे, मीही नोकरीच करतो. पण ज्या गोष्टीवर अठ्ठावीस पोरांचं पुढचं वर्ष ठरतं ती फक्त खाजगी राहत नाही. तुम्ही निदान पोरांना एका खोलीत बसवून एवढं सांगू शकत होतात की होय, बोलणं चालू आहे, किंवा नाही, काही नाहीये, किंवा अमुक तारखेपर्यंत कळेल. तुम्ही काहीच केलं नाही आणि मग पोरं बातम्या शोधत बसली. परीक्षेच्या आठवड्यात. माझा पोरगा ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री फोनवर मला विचारतोय, बाबा, नवा कोच आला तर मला ठेवेल का. मी काय सांगू त्याला?

दुसरी, वेळ. ही जरा सविस्तर सांगतो कारण मला वाटतं तुमच्यापैकी कुणी यावर विचार केलेला नाही. आत्तापर्यंत एमएलएसचा सीझन फेब्रुवारी ते डिसेंबर होता, त्यामुळे क्लबांची कोचशोध मोहीम थंडीत चालायची, म्हणजे कोच गेलाच तर जानेवारीच्या आसपास जायचा आणि नव्याला ऑगस्टपर्यंत सात महिने मिळायचे. वाईट, पण निभावून नेता यायचं. पण 2025 च्या नोव्हेंबरात एमएलएसने जाहीर केलं की 2027 पासून त्यांचं कॅलेंडर युरोपसारखं, जुलैमध्ये सुरू आणि पुढच्या मेच्या शेवटाला समाप्त. आता विचार करा. क्लब कोच कधी बदलणार? मे संपला की जूनमध्ये. आणि आपल्या पोरांचा प्रीसीझन कधी? ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे कोच जून-जुलैमध्ये जाणार, पोरं उन्हाळ्यासाठी घरी गेलेली, दुसऱ्या कॉलेजांच्या टीम भरलेल्या, डॉर्मचे पैसे भरलेले, आणि तुम्ही देशभर नवा कोच शोधताय. हे एकदा तरी होणारच आहे, आपल्याकडे नाहीतर शेजारच्या युनिव्हर्सिटीत. यासाठी तुमच्याकडे काय प्लॅन आहे असं मी मेलमध्ये विचारलं होतं. त्याचंच उत्तर म्हणून ती तिकिटांची लिंक आली.

तिसरी, कागदपत्रं. 2023 मध्ये माझ्या पोराने नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर सही केली तेव्हा त्यात सरळ लिहिलं होतं की तू युनिव्हर्सिटीबरोबर बांधला जातोयस, कोचबरोबर नाही, कोच गेला तरी सही कायम. बरं, वाचून सही केली, कायद्याने बरोबर आहे. पण मग रिक्रूटिंगच्या प्रत्येक व्हिडिओत, प्रत्येक पोस्टरवर कोचचाच चेहरा कशाला लावता? विकताना कोच दाखवायचा आणि सही घेताना युनिव्हर्सिटी. 2024 मध्ये तर तो कागदच एनसीएएने बंद केला, आता स्कॉलरशिपचा करार तेवढा राहिला. दरम्यान कोचचा स्वतःचा करार मी मागवून वाचला, सरकारी युनिव्हर्सिटी आहे, मागितला की द्यावा लागतो. त्यात कोच मधेच गेले तर त्यांनी तुम्हाला किती भरपाई द्यायची ते आहे, गाडी आहे, शूजच्या कंपनीचं आहे, टूर्नामेंटमध्ये किती पुढे गेलं तर किती बोनस ते आहे. पोरांचा उल्लेख एका ठिकाणी सापडला, टीमचा जीपीए (मार्कांची सरासरी) अमुकच्या वर गेला तर कोचना बोनस. म्हणजे पोरांनी अभ्यास करायचा आणि बोनस कोचला. जाऊ दे, त्यावर हसलो मी. पण जाण्याआधी टीमला सांगावं असं एक वाक्य त्या अख्ख्या करारात नाही.

चौथी, जागा. पूर्वी पुरुषांच्या टीमला 9.9 स्कॉलरशिप असायच्या, त्या वाटून वाटून द्यायच्या, पण पोरं कितीही ठेवता यायची. आता हाऊस सेटलमेंटनंतर (कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरून कोर्टात झालेली तडजोड) तुम्ही ऑप्ट-इन केलंत, म्हणजे त्यात सामील झालात, आणि रोस्टर, म्हणजे टीममधल्या पोरांची यादी, अठ्ठावीसवर आलं. म्हणजे नवा कोच आला आणि त्याने ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या प्लेयरांची यादी) स्वतःची सहा पोरं आणली तर जुनी सहा बाहेर. साधा हिशोब आहे. त्यात कुणाचं वाईट वागणं लागत नाही, प्रत्येक नवा कोच हेच करेल, मी असतो तर मीही केलं असतं. कोच गेल्यावर आमच्या पोरांनाही पोर्टलमध्ये जायची मुभा मिळते, हे तुमचे लोक फार मोठा उपकार असल्यासारखं सांगतात. पण केमिस्ट्रीचे क्रेडिट सगळीकडे जसेच्या तसे धरत नाहीत, आणि बाहेरच्या देशातून आलेल्या पोरांचं काय? आमच्या टीममध्ये अर्धी पोरं युरोप-आफ्रिकेतून एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेली आहेत. त्यांना कॉलेज बदलायचं म्हणजे व्हिसाची सगळी कागदपत्रं नव्या कॉलेजकडे वळवायची, तीही ठराविक मुदतीत. त्यांचे आईबाप पार्किंगमध्ये येऊन आमच्यासारखी बडबडही करू शकत नाहीत.

पाचवी, असिस्टंट कोच. त्या दोघांबद्दल कुणीच बोलत नाही. पोरांना रोज सकाळी सहाला मैदानावर तेच घेतात, व्हिडिओ तेच कापतात, दुखापत झाली की हॉस्पिटलात तेच बसतात. हेड कोच गेले तर ते क्लबकडे आपला माणूस म्हणून एखाद्याला नेतील, दुसरा इथे नव्या माणसाच्या मर्जीवर. त्यांनाही काही सांगितलेलं नाही असं दिसतं. त्यांच्या तोंडावरूनच कळतं.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं असंच असतं, सगळीकडे असंच चालतं. नाही चालत. अ‍ॅक्रनची गोष्ट इथे पूर्ण सांगतो, कारण ती आपल्याच राज्यातली आहे आणि तुमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना माहीत असणार. पोर्टर 2006 च्या सीझनपासून तिथे. 2009 मध्ये टीम अख्खा सीझन न हरता फायनलला गेली आणि व्हर्जिनियाकडून पेनल्टीवर हरली. पुढच्या वर्षी, 2010 ला, लुईव्हिलला 1-0 हरवून कप आणला. महिन्याभरात 2011 च्या ड्राफ्टमध्ये, जिथे एमएलएसचे क्लब कॉलेजचे प्लेयर निवडतात, पहिल्या आठ प्लेयरमधले पाच अ‍ॅक्रनचे. म्हणजे त्या वेळी अमेरिकेत त्यांच्याइतकी मागणी दुसऱ्या कुठल्या कॉलेज कोचला नसेल. त्याच थंडीत डी.सी. युनायटेडशी त्यांचं नाव जोडलं गेलं, ते गेले नाहीत, अ‍ॅक्रनशीच करार वाढवला. म्हणून जो म्हणतो एकदा यश मिळालं की कोच पळतोच, त्याला हे सांगा. मग 2012 च्या वसंतात ऑलिंपिकच्या अंडर-23 टीमचे कोच म्हणून एल साल्वाडोरशी 3-3, शेवटच्या क्षणाला गोल खाल्ला आणि ऑलिंपिक हुकलं. लोकांना वाटलं झालं, आता यांना कोण विचारणार. पोर्टलंडने विचारलं. आणि इथे बघा काय केलं : 2012 च्या ऑगस्टअखेर सगळ्यांना सांगितलं की पोर्टर पोर्टलंडला जाणार, पण अ‍ॅक्रनचा तो सीझन पूर्ण करून. पोरांना सीझनच्या सुरुवातीलाच माहीत होतं. जागेवर कोण आला तर घरातलाच असिस्टंट, जॅरेड एम्बिक. पोर्टर तिकडे गेले, पहिल्याच वर्षी लीगच्या वेस्टर्न गटात पहिले, कोच ऑफ द इयर, 2015 ला कप, तोही आमच्याच क्रूला आमच्याच स्टेडियममध्ये 2-1 हरवून. पहिला गोल अर्ध्या मिनिटाच्या आत. असो, ती जखम नको.

अ‍ॅक्रनचं काय झालं? संपली का टीम? एम्बिक यांनी तिला 2015 ला, 2017 ला कॉलेज कपला नेलं आणि 2018 ला तर फायनल. ती फायनल मला फार आवडते, म्हणजे खेळ म्हणून नाही, 1-0 ची एक पेनल्टीवाली मॅच होती. पण एका बाकावर मेरीलँडचे सिरोव्स्की, जे कधीच गेले नाहीत. दुसऱ्या बाकावर एम्बिक, जे गेलेल्या माणसाच्या जागी आले. राहिलेलाही फायनलला आणि गेलेल्याची टीमही फायनलला. व्हर्जिनियाचं बघा, अरीना गेल्यावर जॉर्ज गेल्नोव्हॅच आले, अरीनांच्याच हाताखाली खेळलेले, त्यांचेच असिस्टंट, आणि 2009 ला, 2014 ला कप आणले. मुलींच्या बाजूला नॉर्थ कॅरोलायनाचे अ‍ॅन्सन डोरन्स, बावीस नॅशनल टायटलं, ते 2024 च्या ऑगस्टमध्ये सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले. एवढा मोठा माणूस एवढ्या उशिरा गेला तर टीम कोलमडायला हवी होती. तिथल्याच स्टाफमधल्या डेमन नाहास यांच्याकडे टीम दिली आणि त्याच डिसेंबरात त्यांनी वेक फॉरेस्टला 1-0 हरवून टायटल जिंकलं. बाहेरून आणलेला कोचही चालतो म्हणा, फ्लोरिडा स्टेटमधून मार्क क्रिकोरियन 2022 ला गेले, पुढे वॉशिंग्टन स्पिरिटला मोठ्या पदावर, आणि नव्या कोचने 2023 ला परत टायटल आणलं. पण जिथे पुढचा माणूस आधीपासून मैदानावर होता तिथे पोरांना जेवढं स्थिर राहता आलं तेवढं बाहेरच्यात राहता येत नाही असं माझं मत.

त्यामुळे टीम टिकेल की नाही ही भीती मला नाहीच. टीम टिकते. टीमचं नाव, जर्सी, मैदान सगळं टिकतं. त्या दोन-तीन वर्षांतली जी पोरं मधल्या गडबडीत सापडतात ती विरतात, आणि ती कुठल्या रेकॉर्ड बुकात लिहिलेली नसतात.

तर मागण्या. फार नाहीत आणि कुठलीच महाग नाही.

येत्या दोन आठवड्यांत टीमला एकत्र बसवून तुम्ही स्वतः, असिस्टंट डिरेक्टरला न पाठवता, आहे ती परिस्थिती सांगा. क्लबचं नाव सांगू नका, पैसे सांगू नका. कोच ऑगस्टला इथे असणार का आणि हे पक्कं कधी कळणार, एवढंच.

कोचच्या पुढच्या करारात, मग तो याच कोचशी असो की नव्याशी, एक कलम टाका : दुसऱ्या नोकरीचं पक्कं झालं की जाहीर व्हायच्या आधी टीमला तोंडी सांगायचं. आणि 1 जूननंतर जायचं असेल तर तो फॉल सीझन पूर्ण करून जायचं, नाहीतर भरपाई दुप्पट. अ‍ॅक्रनमध्ये हे जमलं होतं, कलम असतं की नसतं कुणास ठाऊक, पण जमलं होतं.

भरपाईचे जे पैसे क्लबकडून किंवा कोचकडून येतील त्यातला काही भाग बाजूला काढा, कोच बदलल्यामुळे ज्या पोराची रोस्टरवरची जागा जाईल त्याची स्कॉलरशिप तो तिथे शिकत असेपर्यंत चालू ठेवायला. खेळायला मिळालं नाही तरी डिग्री तरी होऊ दे. त्या पैशातून नवा स्कोअरबोर्ड घ्यायचं चाललंय असं ऐकलं, जुना चांगला चालतोय हो.

पुढचा माणूस कोण याचा विचार आत्ता करा. दोन असिस्टंटपैकी एकाला असोसिएट हेड कोच करा, पगार वाढवा, आणि जाहीर करा. कोच गेले नाहीत तरी तोटा नाही.

कोच निवडायची कमिटी बसलीच तर त्यात टीममधली दोन पोरं घ्या, एक इथलं आणि एक बाहेरच्या देशातून आलेलं. त्यांना मत द्यायचा अधिकार नको असेल तर नसू दे, पण खोलीत असू दे. आमच्याकडे कोल्हापुरात एखादा खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जाणार असेल तर पेठेतल्या चहाच्या गाडीवर सगळ्यांना आधी कळतं, आणि इथे एवढी मोठी कम्युनिकेशन टीम असून ज्यांना खेळायचंय त्यांनाच शेवटी कळतं.

आणि इंटरनॅशनल ऑफिसमधला एक माणूस नेमून द्या ज्याला व्हिसावाली पोरं आत्ताच जाऊन विचारू शकतील की कोच गेला आणि मला बदलायचं झालं तर काय काय लागेल. ही मागणी माझ्या पोराची नाही, तो इथेच जन्मलाय. त्याच्या रूममेटची आहे.

कोचबद्दल एक शेवटचं. हे पत्र त्यांनी वाचलं तर त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सर, तुम्ही गेलात तर आम्ही तुमच्या क्लबची मॅच कोलंबसला असेल तेव्हा तिकीट काढून येऊ, क्रूच्या पिवळ्या जर्सीत येऊ आणि तुमच्याविरुद्ध ओरडू. पण जायच्या आधी तो कागद बॅगेतून काढून पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला सांगा की या पोराला मध्ये खेळवायचं ठरलं होतं. तो खेळवेल न खेळवेल, त्याची मर्जी.

मॅडम, मार्चमधल्या बोर्ड मीटिंगमध्ये बाहेरच्या लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात असं तुमच्या वेबसाईटवर लिहिलंय. मी नाव नोंदवलंय, आणखी पाच-सहा पालकही नोंदवतायत, गोलकीपरच्या आईसकट, तिचं अजूनही म्हणणं आहे की कोच जाणार नाहीत पण मागण्या तिला सगळ्या मान्य आहेत. त्याआधी तुमचं उत्तर आलं, तिकिटांच्या लिंकशिवाय, तर मी माझं नाव काढून घेईन.

आपला,
एका मिडफिल्डरचा बाबा
कोलंबस, ओहायो